लाल धुराचं नळकांडं

प्रिय डेरिक,

जिंकलो रे आपण! शेवटच्या मिनिटाला, दोन-एक! माझा घसा पार बसलाय.

पण खरा सामना मध्यंतरालाच रंगला. नेहमीसारखे दोन्हीकडचे प्रेक्षक आपला संघ आता ज्या बाजूला गोल करणार, त्या गोलपोस्टमागे जायला बाजू बदलत होते. चहाच्या टपरीमागच्या अरुंद वाटेत ते आमनेसामने आले.

"काय रे मेंढरांनो, निघालात घरी?" त्यांच्यातला एक ओरडला. आपला बॅरी मुठी वळून धावला. मी बिअरच्या क्रेटवर चढून गरजले, "थांबा! आठवडाभर आपलं कुणी ऐकत नाही. शनिवारी एक दिवस आवाज मिळतो, तोही एकमेकांचे दात पाडण्यात घालवायचा?"

"बाई, तुमच्या गोलकीपरपेक्षा तुम्हीच बऱ्या!" तिकडून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि वाट मोकळी झाली.

सामन्यानंतर क्लबचे अध्यक्ष पोलार्ड म्हणाले, "ग्लेनिस, प्रेक्षकांची प्रतिनिधी हो. तुझ्या भावासारखे धूर सोडणारे तूच आवरशील."

एवढी बोलणारी मी, गप्प बसले. ते लाल धुराचं नळकांडं मैदानात मी फेकलं होतं. माझी शाळेतली नोकरी जाऊ नये म्हणून तू "मीच" म्हणालास, आणि मैदानात यायची तीन वर्षांची बंदी भोगतोयस. आजचा गोलही तू कुंपणाबाहेरून नुसता ऐकलास.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू मला अडवशील. उद्या क्लबच्या समितीपुढे, क्रेटशिवाय उभी राहून, मी ते मोठ्यानं वाचणार आहे.

तुझीच बहीण,
ग्लेनिस