लुडविकच्या तीन दुर्बिणी

२६ ऑगस्ट, मंगळवार

तिसरी आली! स्वयंपाकघरातल्या टेबलावर आता पसंतीवर आणलेल्या तीन दुर्बिणी — एक झेक, एक जपानी, एक ऑस्ट्रियन — आणि माझ्या फ्रिकाच्या तव्याला जागा नाही. बटाटा-चीज मांडीवर ताटली घेऊन खाल्लं. पडदे घ्यायला गेलो होतो तेव्हा हाच नवरा दुकानात पाच मिनिटं उभा राहिला नव्हता. "कुठलेही घे, लोंबले म्हणजे झालं!" आणि आता बंदुकीवरच्या दुर्बिणीसाठी मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट.

"घाई करायची नाही तिल्का. मधल्या किमतीत माणूस हमखास फसतो. स्वस्तातली घेतली तर फसलोय हे माहीत असतं. महागातली घेतली तर फसलो तरी कबूल करत नाही. मधली घेणाऱ्याला मात्र मरेपर्यंत कळत नाही."

ऐकून घेतलं. काय करणार!

कारण असं की, शिकारी मंडळाने यंदा त्याला कड्याखालचा म्हातारा गाम्स — डोंगरातला रानबोकड — मारायला दिलाय. डाव्या शिंगाचं टोक तुटलेला तो बोकड, साऱ्या खोऱ्याला ठाऊक असलेला. किती वर्षं नंबराची वाट बघितली लुडविकने. आणि नंबर लागला तर म्हणे जुनी दुर्बीण आतून धुरकटली! महिन्याच्या सुरुवातीला नवीन बघायला टोल्मिनला गेला, संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. किमती ऐकून हबकला असेल.

पण इथे खरं लिहिते. दुर्बीण धुरकट नाही. डोळे गेलेत. जुलैत पलीकडच्या ब्रानेच्या कुंपणावर त्याचा कोट वाळत होता. लुडविकने टोपी काढून त्या कोटाला शिकाऱ्यांचा नमस्कार घातला — "चांगलं दिसो!" कोट काही बोलला नाही. म्हणून दिवसभर ब्रानेवर चिडून बसला!

मोतीबिंदूच असणार. पण डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर येतो. डॉक्टरने लिहून दिलं की परवाना गेला, आणि परवाना गेला की बोकड गेला. मला बोकडाचं काही नाही. मला भीती वेगळीच आहे. गाम्सच्या नराला शिंगं आणि मादीलाही शिंगं. चांगले डोळसही फसतात. हा पिल्लाच्या आईला मारेल, मग मंडळाच्या भिंतीवर ते डोकं चुकीच्या शिकारीचा लाल कागद लावून वर्षभर टांगतील आणि खाली उभं राहून सगळे वाइन पितील. नाहीतर आळंबी गोळा करणाऱ्या एखाद्या बाईलाच —

नको, लिहवत नाही.

उपाय सुचलाय. हंगाम डिसेंबरअखेर संपतो. तोवर एकही दुर्बीण पसंत पडता कामा नये. तिघींनाही नावं ठेवायची. नावं ठेवण्यात मी कुणाला हार जायची नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

परीक्षा सुरू. गोळी उडू नये म्हणून बंदुकीचा बोल्ट काढून खिशात, बंदूक खिडकीतल्या शिकंज्यात. नदीपलीकडे ब्रानेच्या गवत वाळवायच्या मांडवावर विम्याची पाटी आहे, ती वाचायची.

तो वाचत नाही हं! वाचायची मी. "तू बघ आणि सांग. माझं मत आधीच झालंय, तुझ्यावर छाप पडायला नको." वा रे वा! माझ्या डोळ्यांनी बघायचं आणि वर मलाच उपकार सांगायचे.

बघणंही सोपं नाही. बंदूक त्याच्या मापाची, हात त्याचे खांबासारखे लांब. दुर्बीण त्या मापाने पुढे बसवलेली. मला कोंबडीसारखी मान ताणावी लागते, तरी चित्राभोवती काळी कड राहतेच. दुसऱ्याची बंदूक म्हणजे दुसऱ्याची कवळी.

"कड दिसते?"

"दिसते."

"जाडी किती?"

"नखाएवढी. का?"

"काही नाही. आणि मधली फुली? पुसट आहे ना?"

फुली अशी लख्ख होती की पाटीवरच्या त्या विमावाल्याच्या नाकावर बसवून दाखवली असती. "जरा पुसटच आहे," म्हणाले. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. नेमका माझ्याकडे नाही — माझ्या कानाच्या बाजूला. हल्ली तसाच बघतो.

२ सप्टेंबर, मंगळवार

झेक नापास. "कडेला चित्र वाकतं," म्हणून ठोकून दिलं. बिचारी चांगली होती. जड, पण प्रामाणिक. तिघींत स्वस्तही तीच.

७ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर वरच्या कुरणावर. ब्राने आमच्याबरोबर — मंडळाचा प्रमुख तोच. ऑस्ट्रियन दुर्बीण हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, हिची थोरली बहीण आहे, दुप्पट किमतीची. काच तीच, डबी वेगळी."

लुडविक लगेच उसळला. "काच तीच? मग थोरलीचं गिऱ्हाईक मूर्ख?"

"मूर्ख नाही रे, जावयाला दाखवायला घेतात."

तासभर हेच! दोन म्हातारे, एक डबी. मी तोवर जपानीतून कड्याकडे बघत होते. पाच गाम्स उन्हात पडलेले.

"डावीकडचा?" लुडविक. "नर की मादी?"

"नर. शिंगं जाड आहेत."

"जाड म्हणजे काय? आकडा बघ. वरून एकदम खाली वळलाय की सावकाश?"

"…सावकाश."

"मग मादी. आणि खात्री नसली तर थांबायचं. मुतेपर्यंत थांबायचं. मादी बसते, नर उभा राहतो. शिंग खोटं बोलेल, मूत नाही."

ब्राने खो खो हसला. पण मी थांबले. खरंच, उठली आणि मुतायला खाली बसली ती! आणि मागून पिल्लू आलं. मी तिला नर म्हटलं होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

तिन्हीसांजेची कसोटी. कुठली दुर्बीण अंधारात शेवटपर्यंत टिकते ती खरी. झेक आधी विझली (हे खरं), मग ऑस्ट्रियन. त्या ऑस्ट्रियनबाईत निम्मे पैसे नावाचे आहेत, आज खात्री पटली. जपानी मात्र… उघड्या डोळ्यांना कडा नुसता काळा दिसत होता आणि तिच्यात दगडान्‌दगड वेगळा!

तेवढ्यात तो आला. एकटाच. डावं शिंग तुटलेलं. तोंडावरचे पट्टे फिके पडलेले, म्हाताऱ्या माणसाच्या भुवयांसारखे. मी "अगं बाई!" म्हणून ओरडलेच.

खोटं बोलायचं राहून गेलं.

लुडविकने दुर्बिणीचं काही विचारलं नाही. म्हणाला, "काय करतोय?" मी सांगत राहिले — रवंथ करतोय, मागचा उजवा पाय जपून टाकतोय, आता वारा हुंगतोय, आता आपल्याकडेच बघतोय. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. चेहरा असा, की मला त्याची दया आली आणि त्याच दमात रागही आला. सांगून टाक ना मेल्या, दिसत नाही म्हणून!

आंबट कोबी-घेवड्याची योता चुलीवरच गार झाली. गारच जेवलो.

२१ सप्टेंबर, रविवार

मंडळाच्या मैदानावर खटक्यांची परीक्षा. दुर्बिणीवरची चकती खटके मोजत वर फिरवायची, तेवढीच खाली आणायची, गोळी परत पहिल्याच भोकात गेली पाहिजे. पुष्कळ दिखाऊ दुर्बिणी इथेच आडव्या होतात. आमची ऑस्ट्रियनबाई चार बोटं बाजूला गेली! ब्राने म्हणाला, हा नग बिघडलेला असेल. लुडविक म्हणाला, नग काय आणि घराणं काय, मला मारायचं याच नगाने आहे.

लुडविकने स्वतः एकही गोळी मारली नाही, सगळ्या ब्रानेने. "खांदा धरलाय." कधी धरला? सकाळी लाकडं फोडत होता! भितोय. सगळ्यांसमोर नेम चुकेल म्हणून भितोय. मला इतकं वाईट वाटलं की मान फिरवली.

मग जपानी माझ्या हातात. "तू मार. ब्राने उभा आहे बाजूला." मान ताणून, काळी कड सांभाळत मारली. तीन गोळ्या, एका बशीत मावतील अशा. मग ब्राने — "वहिनी, हे कुणी शिकवलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या मंडळाचा गुलाश ढवळतेय. हात स्थिर नसता तर तुम्ही उपाशी मेला असता."

मंडळात बायकांनी गुलाश करायचा, पुरुषांनी शिकार. कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

मला मजा आली. हे इथेच राहू दे.

४ ऑक्टोबर, शनिवार

भांडण. कडाक्याचं. मी म्हणाले, सोमवारी टोल्मिनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. "मला काय धाड भरलीय?" मग माझाही तोल गेला. "कोटाला नमस्कार घालणारा माणूस बंदूक घेऊन डोंगरात जाणार! लाज नाही वाटत?"

टोपी घातली आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसला. बोलायला नको होतं असं. पण नाही बोलायचं तर काय त्याच्या मागे आळंबीवालीचं प्रेत उचलायचं?

९ ऑक्टोबर, गुरुवार

अजून शेडमध्येच. आत कानशीचा आवाज. स्वेटरवर अक्रोडाच्या लाकडाचा भुसा. काय करतोस? "स्टूल." घरात सहा स्टुलं आहेत आणि बसणारी माणसं दोन.

१२ ऑक्टोबर, रविवार

घेतली! मला न विचारता जपानी घेतली! झेक आणि ऑस्ट्रियन परत करून आला, पैसे मोजून आला. "मधल्या किमतीत हिला तोड नाही. अंधारात तूच ओरडलीस की अगं बाई म्हणून."

म्हणजे माझ्या एका "अगं बाई"ने सगळं मुसळ केरात.

१९ ऑक्टोबर, रविवार

नवऱ्याची चहाडी केली. दुसरा मार्ग नव्हता. ब्रानेकडे गेले, सरळ सांगितलं — लुडविकला दिसत नाही, त्याचा बोकड काढून घ्या, मी सांगितलं म्हणू नका.

ब्राने आपल्या बुटांकडे बघत बसला. मग नासपतीची दारू ओतली. "वहिनी, नर कुठला मादी कुठली, तुम्हाला आता कळतं ना?"

"कळतं. त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, कळतं ना? मग झालं. घ्या."

आग लागो यांच्या मंडळाला! सगळे पुरुष एका माळेचे मणी. एक आंधळा झाला तर बाकीचे डोळे मिटून घेतील, पण त्याला उघडं पाडायचे नाहीत.

१ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिवस. अख्खं गाव दफनभूमीत, शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या. लुडविकने बापासाठी आणलेली मेणबत्ती शेजारच्या थडग्यावर लावली. वाकून, जपून, टोपी काढून. त्याच्या स्वतःच्या बापाचं नाव दोन हातांवर होतं.

मी ती हलवली नाही. त्याच्या बापासाठी खिशातली माझी लावली. परतताना त्याने माझा दंड धरला होता. गावात कधी धरत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

"उद्या वर जायचं," म्हणाला. "दुपारनंतर. माज सुरू झालाय, म्हातारा आता दिवसाही बाहेर येतो." ठरवलंय — सकाळी तो शेडमध्ये गेला की बंदूक उचलायची आणि ब्रानेच्या दारात नेऊन ठेवायची. घर सोडून गेला तर जाऊ दे. जिवंत तरी असेल, आणि हात स्वच्छ.

८ नोव्हेंबर, शनिवार

कपाट उघडलं, बंदूक काढली. उचलताना उगाच एकदा खांद्याला लावली, खिडकीतून पलीकडे. मान ताणावी लागली नाही. काळी कड नाही. पूर्ण गोल, लख्ख, मधोमध फुली. मला कळेचना. दस्ता चाचपला — मागून दोन बोटं कापलेला, कानशीने घासून, तेल पाजून. दुर्बीण माझ्या मापाने मागे सरकवलेली. लुडविकला ही बंदूक आता खेळण्यासारखी होईल.

तो दारात उभा होता.

"डोळ्यांत मध्ये डाग आहे तिल्का. बरोब्बर फुलीच्या जागी. मोतीबिंदू नाही. ऑगस्टमध्येच टोल्मिनच्या डॉक्टरने सांगितलं, याला ऑपरेशन नाही." मग घाईघाईने, "मंडळात तुझी एक वर्ष उमेदवारी, मग परीक्षा. ब्रानेशी बोललोय. शिकवायला डोळे लागत नाहीत. बोकड तुझ्यासाठी पुढच्या वर्षावर टाकलाय. म्हातारा आहे, पण त्याला घाई नाही."

मी रडत होते, म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि झेक?"

"झेक चांगली होती. तू खोटं बोललीस ते तेव्हाच कळलं. पण मला तुला अजून बघायला लावायचं होतं."

दुपारी वर जातोय. बंदूक कपाटात. दुर्बीण तिच्यावरून उतरवून माझ्या हातात, काठी त्याच्या. काय दिसलं ते मी सांगायचं.