उबेकडचं बीळ

अण्णा, मी सौदीत ड्रायव्हर आहे आणि सध्या एक अजगर सांभाळतोय. तुम्ही असता तर आधी हसला असतात, मग म्हणाला असतात, तुला शाळेत तासभर बसवत नव्हतं, त्याच्यापाशी कसा बसतोस? अजगर कफीलच्या, म्हणजे माझ्या इथल्या मालकाच्या, थोरल्या मुलाचा. तो लग्न करून रियाधला गेला, बायकोला जनावर नको, म्हणून काचेची पेटी इथे कतीफलाच राहिली. लहान जातीचा आहे, हाताएवढा, कुणाच्या वाटेला जात नाही. पण त्याने खाणं सोडलं. घरात एसी सतत चालू, खोली गारठलेली. त्याच्या खाण्याचे बर्फातले उंदीर मालकीणबाई घरात ठेवू देत नाहीत, म्हणून ते माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, ताकाच्या बाटलीशेजारी. एक काढायचा, गरम पाण्यात धरायचा, चिमट्याने त्याच्यासमोर न्यायचा आणि तसाच टाकून द्यायचा. शेवटी कफील म्हणाले, आम्ही उमऱ्याच्या यात्रेला मक्केला जातोय, येईपर्यंत खाल्लं नाही तर वाळवंटात सोडून ये, खलास. त्या उन्हात तो एक दुपार टिकला नसता. मी म्हटलं, मी खायला लावतो.

"तू?" ते म्हणाले. "तू तर त्याला हात लावायला घाबरतोस."

ते खरंच होतं. केरळचा स्वयंपाकी तर रोज ऐकवायचा, सापाला हिटर, सापाला एसी, आणि भाई, आपल्या दोघांत एक पंखा.

पेटीत हात घातला की मला आपलं स्वयंपाकघर दिसायचं. पोल्ट्रीतली कमजोर पिल्लं तुम्ही आंब्याच्या पेटीतून घरी आणली आहेत. मी वर बल्ब टांगतोय, बरोबर मधोमध, सगळ्यांना सारखी ऊब मिळावी म्हणून. तुम्ही येता, बल्ब सोडता आणि एका कडेला बांधता. "मधे टांगलास तर भाजल्यावर त्यांनी जायचं कुठे, तुझ्या डोक्यावर?" आई चुलीपाशी हसतेय आणि मी रुसून बाहेर जातो. तेव्हापासून मी बाहेरच आहे म्हणा. राबिघच्या कामावर टिकलो नाही, मग एका हॉटेलात टिकलो नाही. या वेळी मात्र ठरवलं, हे अर्धवट सोडायचं नाही.

म्हणून तुमच्यासारखंच केलं. पेटीतली विजेवर तापणारी चटई एका टोकाला सरकवली, चटका बसू नये म्हणून तिला उष्णता आवरणारं यंत्र जोडलं. आणि लपायची दोन्ही बिळं ठेवली गार टोकाला. इथे आम्ही सगळेच दिवसभर सावली शोधतो, गाडीला सावली, स्वतःला सावली. मला वाटलं, आराम म्हणजे गारवाच. तो त्या बिळात पडून राहिला, स्टीलच्या पेल्यासारखा थंड. पाणी बदलायला गेलो तेव्हा दिसलं, चटईजवळच्या वाडग्याखाली त्याने डोकं खुपसलंय आणि बाकीचं अंग उघड्यावर. त्याला ऊब हवी होती आणि लपायलाही हवं होतं, आणि मी दोन्ही दोन टोकांना ठेवून बसलो होतो. राग मानू नका अण्णा, पण तुमचं शिकवणं इथे अर्धंच पुरलं. पिल्लांना लपायचं नसतं.

मग खजुराचा खोका घेतला, अंग चारी बाजूंनी टेकेल एवढाच कापला, बारीक तोंड ठेवलं आणि चटईवर पालथा घातला. एक बीळ गार टोकाला राहू दिलं. काचेला तीन बाजूंनी पुठ्ठा लावला. आणि मग बघायचं नाही. हेच सगळ्यात अवघड. मी धुतलेली गाडी पुन्हा धुतली. पुढच्या खेपेला उंदीर खोक्याच्या तोंडाशी धरला, तर चिमट्याला असा हिसका बसला की मी भिंतीला आदळलो. खाल्लं त्याने. स्वयंपाकी दारातनं म्हणाला, आता तू पण जेव.

कफील आले, त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, राहू दे. तो खाणार याची मला खात्री होती, असं मी त्यांना सांगितलं. नव्हती, अण्णा. हे मी कुणाला बोललो नाही आणि हा कागदही कुठे जायचा नाही, म्हणून लिहितो. त्याने खाल्लं नसतं तरी मी त्याला वाळवंटात नेणार नव्हतो. नेऊन सोडला म्हणून सांगणार होतो. माझ्या कॉटखालची जागा मी आधीच झाडून रिकामी केली होती.