डाव्या चाकातली हवा

दि. १४ मार्च, शुक्रवार, दुपारी

प्रिय दादा,
नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण ऐकतं कोण! मामाच्या दुकानात तुझं मन रमलं असेल.

आपल्या शर्यतीच्या गाडीने मात्र माझं डोकं उठवलं आहे. तुझ्या जागी आता गॅरेजच्या उस्तादांचा जावई चालवतो. हिरवा दिवा लागला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेजारचा पुढे निघून जातो. मी हवा अर्धा पॉइंट कमी केली, तर गाडी डुलायला लागली. मागचे शॉकअप सैल केले, तर मागून बसते आणि नाक वर करते. घट्ट केले की पुन्हा घसरते. काल नऊ वेळा सुरुवातीच्या रेषेवरून सोडून पाहिली, दर वेळी वहीत टिपलं, नऊही वेळा वाया. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "काय शास्त्रज्ञ, गाडीला ताप किती?" जावई हसला. मग म्हणाले, "दोष गाडीत नाही रे, तुझ्या वहीत आहे."

ते चेष्टेत म्हणाले. मला रात्रभर झोप नाही.

दादा, सात महिन्यांपूर्वी, तुझ्या त्या अंतिम शर्यतीच्या दिवशी मी सकाळी सावलीत मागच्या दोन्ही चाकांची हवा मोजली. चौदा आणि चौदा. तीनदा मोजून वहीत लिहिली. मग गाडी तासभर रांगेत उभी राहिली, डावी बाजू उन्हात. तू विचारलंस, "हवा बघितलीस ना?" मी म्हणालो, "तीनदा!" खोटं नव्हतं, पण ती सकाळची हवा होती.

सुटताक्षणी गाडी डावीकडे ओढली गेली आणि भिंतीवर आदळली. सगळे तुला बाहेर काढत होते, तेव्हा मी चाकांना हवेचा मीटर लावला. उजव्यात पंधरा, उन्हाने तापून फुगलेल्या डाव्यात साडेसतरा; डाव्याची पकडच कमी पडली होती. हे आकडे मी वहीत लिहिले नाहीत.

उस्ताद म्हणाले, "क्लचवरून पाय घसरला याचा." तूही मान खाली घालून म्हणालास, "घसरला असेल." मी बाजूलाच उभा होतो. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस.

आज सकाळी उस्तादांना सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मला काय सांगतोस? ज्याने सात महिने स्वतःच्या पायाला दोष दिला, त्याला सांग."

तुझा पाय घसरला नव्हता, दादा.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायचं की नाही, ते तू ठरव. म्हणून खाली सही केलेली नाही.