गुरुवारचा चहा

बाबा,

आज ऑफिसात सुतार आले होते. फाइलींची कपाटं काढून तिथे काचेची भिंत घालायची आहे. मोठं कपाट सरकवलं तेव्हा मागे प्लगचा एक बोर्ड निघाला. जमिनीपाशी नाही, हाताला सहज लागेल इतका वर नाही, मधेच कुठेतरी, कमरेच्या उंचीवर. सुतार हसला. म्हणाला, "हा कुणी बसवला? बुटक्या माणसाने?" मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात पोचावा म्हणून तुम्ही तो तिथे बसवून घेतला होता. इलेक्ट्रिशियन नियम दाखवत होता, आणि तुम्ही त्याला खुर्चीत बसवून म्हणालात, "आता लाव प्लग."

तुम्ही डॉक्टर होतात त्या वॉर्डात आता आमचा अकाउंट्स विभाग आहे. खाटा होत्या तिथे आमची टेबलं आहेत. तुम्ही शेवटची दोन वर्षं या बाजूला फिरकला नाहीत, त्यामुळे तुम्हाला हे माहीत नसणार. मी जिथे बसते तिथे वॉर्डातलं छोटं स्वयंपाकघर होतं. सिंक काढलं, पण भिंतीतून आलेले दोन नळ बुच मारून तसेच ठेवलेत. अठरा वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून बसते आहे. कधीकधी मागे किटली तापल्याचा आवाज येतो. प्रिंटर असतो. तरी मी वळून बघते.

मग दिसतं ते असं: मी दहा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे, आई लायब्ररीत कामाला गेली आहे, म्हणून तुम्ही मला वॉर्डात घेऊन आला आहात. गुरुवार आहे. म्हातारी माणसं पडतात, खुबा मोडतो, ऑपरेशन होतं, ती चालायला लागतात आणि मग तुमच्याकडून घरी जातात. पण घरी जाण्याआधी प्रत्येकाला गुरुवारी या स्वयंपाकघरात चहा करून दाखवावा लागतो. एक कप स्वतःसाठी, एक तुमच्यासाठी. तुम्ही पाहुण्यासारखे स्टुलावर बसता. मदत करत नाही. आधी विजेच्या किटलीचं भिंतीवरचं बटण मुद्दाम बंद करून ठेवता, किटलीचा खटका वेगळा. दोन्ही लावले तरच पाणी तापतं.

त्या दिवशी एक बाई होती, जन्मभर बंदरातल्या लाँड्रीत जहाजांच्या चादरी धुतलेली. मला लाडाने म्हणाली, "लव्ह, दूध आधी घालायचं की मागून? नीट विचार करून सांग, यावरून आमच्या गल्लीत लग्नं मोडली आहेत." तुम्ही म्हणालात, "घर तुमचं, चहा तुमचा." तिने किटली भरली, खटका दाबला आणि गप्पा मारत उभी राहिली. बटण बंद होतं. मला दिसत होतं. मी तोंड उघडलं तर तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. थोड्या वेळाने तिने किटली उचलली आणि थंड पाणी चहाच्या भांड्यात ओतलं. कपांत ओतलं. फिकट पाण्यावर दूध तरंगलं. तुम्ही तो कप शेवटपर्यंत प्यायलात आणि तिचे आभार मानलेत. ती आनंदाने काठी टेकत गेली. वॉर्डाच्या मुख्य नर्स, आयर्लंडच्या सिस्टर, दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग डॉक्टर, बॅग भरू का त्यांची?" तुम्ही म्हणालात, "चहा छान होता. राहू देत अजून थोडे दिवस आपल्याकडे." सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या पोटाचं एक दिवस काहीतरी होणार आहे, सांगून ठेवते."

गाडीत मी विचारलं, "बाबा, तो थंड होता ना?"

"हो."

"मग प्यायलात कशाला?"

"तिने केला होता म्हणून."

सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालात, "बटण विसरतं गं माणूस. मीही विसरतो. पण पाणी वाजलं नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. ज्याला ते कळत नाही त्याला एकट्याला घरी सोडायचं नसतं." आपल्या घरात तेव्हापासून नियम झाला. चहा झाला की भिंतीवरचं बटण बंद. मला तो अजून मोडता येत नाही.

मी साहित्य शिकले आणि नोकरी मिळेना म्हणून अकाउंट्सच्या परीक्षा दिल्या. तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत. तुमच्याच हॉस्पिटलात हिशेबाला लागले तेव्हा मात्र तुम्ही सिस्टरना सांगितलंत, आणि त्या मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाल्या, "काय गं, वर कारकून म्हणून आलीस की हेर म्हणून?" आम्ही दोघी हसलो होतो.

मग सरकारने पैसे देण्याची रीत बदलली. तोवर हॉस्पिटलला वर्षाची एक रक्कम मिळायची आणि ती सगळ्यांना पुरवायची. आता प्रत्येक पेशंटमागे दर ठरला. मोडलेल्या खुब्याला इतके, छातीतल्या कफाला इतके. पेशंट लवकर घरी गेला तर उरलेलं हॉस्पिटलचं. रेंगाळला तर भुर्दंड हॉस्पिटलचा. आमचं हॉस्पिटल कुणाच्या मालकीचं नव्हतं, नफा कुणाच्या खिशात जाणार नव्हता. नफा हा शब्दही आम्ही वापरत नव्हतो. आम्ही शिल्लक म्हणायचो. पण ती शिल्लक दाखवल्याशिवाय हॉस्पिटलला स्वतःचा कारभार स्वतः करायची मोकळीक मिळणार नव्हती, आणि सगळ्यांना ती हवी होती. आजूबाजूची हॉस्पिटलं पुढे निघाली होती. आम्ही मागे होतो. कोणता वॉर्ड कमावतो आणि कोणता बुडवतो हे पहिल्यांदाच काढायचं ठरलं.

माझा बॉस वेल्सचा. वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्यासमोर यादी ठेवली आणि म्हणाला, "यात तुझ्या वडिलांचा वॉर्ड आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

मी म्हणाले, "नको. मी करते."

का म्हणाले, याचं उत्तर मी बऱ्याचदा दिलं आहे, स्वतःलाच. दुसरा कुणी निष्काळजीपणे करेल, मी सांभाळून करीन, असं एक उत्तर आहे. ते खोटं नाही. पण मला ते काम फार चांगलं येत होतं, आणि ते चांगलं येतं हे दाखवायचं होतं, हेही खरं आहे.

तुमचा वॉर्ड तोट्यात होता. का, ते आकड्यांवरून कुणालाच कळत नव्हतं. औषधं जास्त नव्हती, नर्सेस जास्त नव्हत्या. बॉस वैतागून म्हणाला, "हे म्हातारे तिथे करतात तरी काय?" मी तारखा लावून बसले, आणि दुपारपर्यंत मला दिसलं. माणूस सोमवारी चालायला लागायचा आणि शुक्रवारी घरी जायचा. मधे काहीच नव्हतं. ना तपासणी, ना औषध. मधे गुरुवार होता. हिशेबाच्या त्या ऑफिसात तो गुरुवार माझ्याशिवाय कुणालाही दिसला नसता. मी अहवालात लिहिलं की जे उपचार नाहीत त्यांच्यासाठी माणसाला हॉस्पिटलात अडकवून ठेवू नये. ज्याला घर आहे त्याची खरी परीक्षा घरीच होते. बॉसने ते वाचलं आणि म्हणाला, "हे वाक्य बोर्डाला आवडेल." बोर्डाला आवडलं. घरी सोडण्याच्या फॉर्मवरून स्वयंपाकघराचा रकाना गेला. मग तुमच्या वॉर्डात माणसं थांबेनाशी झाली, आणि जिथे कुणी थांबत नाही तो वॉर्ड चालवायचा कशाला, असा प्रश्न पुढच्या वर्षी आपोआप आला. त्या वर्षी आमची शिल्लक पहिल्यांदा दिसली. आम्ही ऑफिसात केक कापला.

अहवाल तुमच्यापर्यंत आला त्या रविवारी मी घरी जेवायला आले होते. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, तुम्हीच कढी करायचात. ताटाशेजारी अहवाल होता. तुम्ही चष्मा न काढता म्हणालात, "वाक्य चांगलं आहे. कुणाचं?"

मी म्हणाले, "बाहेरची कंपनी होती, लंडनची."

तुम्ही माझ्या वाटीत कढी वाढलीत. मग म्हणालात, "बाहेरच्यांना गुरुवारचं कसं कळलं?"

मी खाली बघून जेवत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तेवढाच तुमचा राग. नंतर वॉर्ड बंद झाला, तुम्ही वेळेआधी निवृत्त झालात, आणि निरोपाच्या दिवशी सिस्टरनी तुम्हाला स्वयंपाकघरातलं तपकिरी चहाचं भांडं दिलं. त्याच संध्याकाळी तुम्ही ते मला दिलंत. "तुझ्याकडे असू दे," म्हणालात. मी एकदाही त्यात चहा केलेला नाही.

दोन वर्षांनी तुम्ही न्यूमोनियाने आजारी पडलात. याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर. ताप उतरला, आणि सहाव्या दिवशी एक तरुण नर्स फॉर्म घेऊन आली. "घरी सोबत कुणी आहे का?" तुम्ही खिडकीकडे बघत होतात. मी म्हणाले, मी आहे. मी एक रात्र थांबणार होते. मार्चचा शेवटचा आठवडा होता, वर्षाचे हिशेब बंद करायचे होते. फॉर्म एकाच पानाचा होता. तो किती आटोपशीर झाला आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि मला बरं वाटलं होतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं.

सकाळी मी कोट घालून खाली आले तर तुम्ही स्वयंपाकघरात उभे होतात. ड्रेसिंग गाउनचा पट्टा एका बाजूने लोंबत होता. म्हणालात, "बस. चहा करतो." मी बसले. तुम्ही किटली भरलीत, दोन्ही हातांनी. खटका दाबलात. कप काढलेत. भिंतीवरचं बटण बंद होतं. रात्री मीच बंद केलं होतं. तुम्ही ओट्याला टेकून बाहेर बघत उभे राहिलात. घर अगदी शांत होतं. पाणी वाजत नव्हतं. मी काही बोलले नाही. तुम्ही किटली उचललीत, ओतलंत, दूध घातलंत आणि कप माझ्यासमोर ठेवलात. मी तो शेवटपर्यंत प्यायले. तुम्ही तुमच्या कपाला हात लावला नाहीत. माझ्याकडे बघत होतात.

"मग?" तुम्ही विचारलंत. "पास?"

मी म्हणाले, "पास, बाबा. छान झालाय."

तुम्ही मान हलवलीत. मी दोन्ही कप धुतले, तुमचा भरलेला सिंकमध्ये ओतून, आणि जाताना भिंतीवरचं बटण चालू करून ठेवलं. तेवढं केलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी तुम्ही फोन उचलला नाहीत. मी पोचले तेव्हा तुम्ही खुर्चीत होतात, शाल गुडघ्यांवर. डॉक्टर म्हणाले, हृदय, कुठेही झालं असतं. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, किटलीचा खटका दाबला आणि उभी राहिले. पाणी वाजलं नाही. भिंतीवरचं बटण बंद होतं. सिंकशेजारी एक कप उपडा घातलेला होता.

म्हणजे मी गेल्यावर तुम्ही चहा केला होता आणि नियमाप्रमाणे बटण बंद केलं होतं. तुम्हाला बटण आठवत होतं. कदाचित एका सकाळी आठवलं नसेल आणि दुसऱ्या सकाळी आठवलं असेल. आजारी माणसांचं तसं होतं, तुम्हीच सांगायचात. किंवा त्या सकाळीही आठवत होतं, आणि ओट्याला टेकून तुम्ही वाट बघत होतात ती पाण्याची नव्हती. तुम्ही कधी कुणाकडे काही मागितलं नाहीत. राहा म्हणाला नसतात. चहा केला असतात. मी दोन्ही बाजूंनी हे मांडून पाहिलं आहे. ताळा जुळत नाही.

सुतार आता गेलेत. उद्या ते बोर्ड काढून भिंत सपाट करणार आहेत. मी जाता जाता खाली वाकून त्याचं बटण बघितलं. बंद आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता तोच आहे, पण तिथे आता दुसरी माणसं राहतात, त्यांच्या दारात मुलांच्या सायकली असतात. त्यांना हे कशाला? एकच राहिलं. तुम्ही "पास?" विचारलंत तेव्हा मी उत्तर द्यायच्या आधी तुमच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, मी विचार करते आहे.