घोंगडीवाल्याचा शेवट

५ जानेवारी, रविवार. पुणतांबा

आणि दादाचं आपलं तेच. डाळिंबाला कोण बघणार, फवारणी कोण करणार, सातवी नापास माणसानं गाव सोडून मिळवायचं काय. मी म्हटलं, दहावी पास होऊन तू काय मिळवलंस, तीच डाळिंबं ना? तर फोन आपटला. आपटू दे. भांडण जुनं आहे आणि माझ्या बाजूचं अजून बरंच बोलायचं राहिलंय. म्हणून ही वही घेतली. रोजचं रोज लिहिणार आणि घरी गेल्यावर त्याला समोर बसवून वाचून दाखवणार, की बघ, तुझा भाऊ काय काय बघून आला.

तर पहिली गोष्ट, मी मजेत आहे. जत कुठं आणि ही गोदावरी कुठं. नोकरी तंबूतल्या टॉकीजवर. मालक गहिनीनाथशेठ, नगरचे. वडिलांच्या वेळी रिळं होती, आता लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. ते सगळं भिमाजीतात्यांकडं. तिकिटाला आणि चुलीला छबूमावशी. पोचलो तसं मावशींनी आधी भाकरी वाढली, मग नाव विचारलं. श्रीमंत म्हटल्यावर तात्या म्हणाले, चला, घरात नावानं तरी कुणी झालं.

पडदा तंबूच्या मधोमध असतो. पुढं तिकीटवाले. मागच्या बाजूनं चित्र उलटं दिसतं, उजवा हात डावा दिसतो, पाटीवरची अक्षरं फिरतात. तिथं शेठ फुकट बसू देतात. मीही आज तिथंच बसलो. दादानं आयुष्यात असं काही बघितलेलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

आमचा खेळ म्हणजे ‘घोंगडीवाला, भाग दोन’. एक माणूस डोक्यावरनं घोंगडी ओढून कोयत्यानं माणसं मारत सुटतो. भाग एकला तो विहिरीत पडून मेलेला असतो, मग परत कसा आला ते काढणाऱ्यालाच विचारावं. शेवटी तो नायिकेला विहिरीवर गाठतो, घोंगडी काढतो आणि तिचा सख्खा चुलता निघतो. म्हणतो, बांधासाठी मारलं.

इथं तंबू पेटतो. सगळे शेतकरी ते. बांधापायी म्हणं! बांधाला मोजनी आनत्यात, कोर्टात तारखा करत्यात, घोंगडी घिऊन कोन बोंबलत हिंडतंय व्हय? काल एकानं पडद्याला चप्पल फेकून मारली.

शेठनी डोकं चालवलं. घोंगडी निघेपर्यंत त्याचं तोंड दिसत नाही, म्हणजे तो काय बोलतो ते कुणाला ठाऊक? चुलत्याचं तोंड दिसायचा तुकडा कापायचा, शेवटाला आवाज बंद करायचा आणि पडद्यामागं माईक धरून मी बोलायचं. का मारलं, ते त्या त्या गावाला पटेल असं सांगायचं. मीच का, तर मी दिवसभर बडबडतो म्हणून. तात्या म्हणाले, आता बडबडीचा पगार घ्या.

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस चहाच्या टपरीवर बसून लोकांनाच विचारलं, तुम्ही कशापायी माणूस माराल? हसले, पण उत्तर सगळ्यांचं एकच निघालं. पाण्याची पाळी. मग काल मी घसा खरवडून ओरडलो, माझ्या पाळीचं पाणी कुणी तोडलं? शिट्ट्याच शिट्ट्या. एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, बराबर केलं, हान अजून एक. मावशी तिकिटाच्या खिडकीत पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेठनी पाठीवर थाप मारली. ही ओळ दादाला दोनदा वाचून दाखवायची.

१२ जानेवारी, रविवार. कोल्हार

ट्रकमधून इकडं आलो. प्रवरेच्या पुलापासून जवळ, यात्रेत जागा मिळाली आहे. समोर पेढ्यांची दुकानं, मागं ऊस. मावशींचं माहेर इथलंच, नदीपलीकडच्या वस्तीवरचं, पण त्या तिकडं जायचं नाव काढत नाहीत.

पाण्याचा शेवट इथं पडला. एक पोरगं ओरडलं, आमच्याकडं नदी हाय, आमाला काय सांगतो! आता नवं कारण शोधणं आलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मावशींनी तिळगूळ दिला. तात्यांनी घेतला आणि गोड बोलायचं मात्र साफ नाकारलं.

पडद्यामागं माझ्या शेजारी एक माणूस रोज येऊन बसतो. पन्नाशीच्या अलीकडचा, गळ्यात उपरणं, हात अगदी धुतल्यासारखे स्वच्छ. लोक हसतात तेव्हा हसत नाही, दचकतात तेव्हा दचकत नाही. आज खेळ सुटल्यावर जाता जाता मला म्हणाला, न्हाई, पान्यापायी न्हाई. पानी काय, फिरून येतंय. खरं कारन मी सांगतो, उद्या नदीवर या.

१५ जानेवारी, बुधवार

गेलो. भर दुपार होती. तो पाण्यात पाय सोडून बसला होता. माझ्याकडं न बघता सांगायला लागला, सगळं घोंगडीवाल्याच्या नावानं.

म्हणाला, घोंगडीवाला पोरसवदा असताना एका लग्नात पाणी भरायला होता. पहाटेपासून टिपाडं भरली, पाहुण्यांच्या हातावर पाणी घातलं. पहिल्या पंगतीला एक पान रिकामं होतं, कुणीतरी म्हणालं बस, म्हणून बसला. पोळी वाढली. पहिला घास मोडला, तेवढ्यात नवरीचा मामा आला आणि म्हणाला, ही पाव्हन्यांची पंगत हाय, ऊठ. तो उठला.

मी म्हटलं, म्हणजे मामाला मारलं. तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मास्तर ढ पोराकडं बघतो. म्हणाला, मामाचा कशाला राग? त्याला मान सांभाळायचा हुता. पर जी मांडीला मांडी लावून बसल्याली, सकाळधरनं त्याच्या हातचं पानी पिल्याली, त्यातल्या एकाचा बी घास थांबला न्हाई. ह्यो हितनं उठला आन् आमटीचे भुरके तसेच चालू. ते भुरके ऐकतच त्यो मांडवाभाईर गेला.

काय कारण आहे! आजच बोलतो.

१६ जानेवारी, गुरुवार

काल बोललो. शिट्टी नाही, टाळी नाही. सगळा तंबू गप्प, फक्त जनरेटर चालू. मधेच एक म्हातारे उठले आणि काठी टेकत निघून गेले. पलीकडच्या वस्तीवरचे राम अण्णा, असं कुणीतरी म्हणालं. शेजारी तो मांडी घालून बसला होता, मान हलवत होता, जसं बरोबर म्हटलेल्या पाढ्याला हलवतात.

शेठ खूश, म्हणाले उद्या तंबू फाटेल. मावशींनी भाकरी टाकल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

राम अण्णा विहिरीत सापडले. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. तात्या बघून आले आणि नेहमीसारखी टिंगल न करता खाली बसले. म्हणाले, त्या विहिरीला छातीएवढा कठडा हाय. घसरून पडायचं म्हटलं तर आधी चढावं लागंल.

आज पडद्यामागं तो आला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

मावशींनी सांगितलं. चुलीपुढं बसून, माझ्याकडं पाठ करून.

ते लग्न त्यांच्या चुलतभावाचं. त्या नव्यानं लग्न होऊन माहेरी आलेल्या, त्याच पंगतीत, त्या पाणी भरणाऱ्या पोराच्या पलीकडच्या पानावर. त्याचं नाव कानिफनाथ, म्हणजे माझ्या शेजारी बसतो तोच. त्याला उठवलं तेव्हा त्यांना वाटलं काहीतरी बोलावं, पण पाटावर नवऱ्याकडची माणसं, म्हणून खाली मान घालून जेवल्या. नंतर वर्षं गेली. त्या पंगतीतला एक कालव्यात सापडला, मग एक उसात, मग अजून. कुणी त्यांची सांगड घातली नाही, कारण कुणाला उठवलं हे त्या वस्तीत कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मावशींच्या राहिलं होतं. म्हणाल्या, लेकरा, राम अण्णा गेले, आता त्या वळीतली मीच राहिले.

चौकीवर गेलो. हवालदारानं विचारलं, कुठं राहतो, आडनाव काय, तू काय बघितलंस? मी म्हटलं, मी शिनेमाचा शेवट सांगितला. तो हसला. शेठना सांगितलं, तर म्हणाले, ही बातमी पसरली तर चार दिवस जास्त चालेल.

मावशींना म्हटलं नगरला जा. म्हणाल्या, वाटेत उसच हाय सगळा.

१९ जानेवारी, रविवार

एक सुचलं. करून बघितलं.

विहिरीवर नायिका त्याला ढकलते तेव्हा दोन्ही हात पुढं करते. आवाज बंदच असतो. मी माईकवर म्हटलं, बघा, ही ताट पुढं करतेय. म्हणतेय, बस, जेव, मघाशी माझं चुकलं. आणि घोंगडीवाला ताटासकट खाली बसला, म्हणून दिसेनासा झाला. आता तो कुणाला मारायचा नाही.

कानिफ आला होता. पडद्याच्या उजेडात त्याचे डोळे भरलेले दिसले. खेळ सुटल्यावर विचारलं, खरंच वाढतीन का? मी म्हटलं, उद्या दुपारी या. छबूमावशीच्या हातचं.

मावशी ऐकून रडल्या, मग डाळ निवडायला बसल्या.

२० जानेवारी, सोमवार

लिहवत नाही. पण लिहितो.

दुपारी तंबूमागं सतरंजी टाकली. कानिफ मधे, एका बाजूला मी, एका बाजूला तात्या. मावशींनी पुरण घातलं होतं. पहिली पोळी त्याला वाढली, वर तूप, आणि हात जोडले. तो पोळीवरनं नुसता हात फिरवत राहिला. आम्ही जेवायला लागलो. मग त्यानं पहिला घास मोडला —

शेठ आले. मागं दोन पाहुणे, पुढच्या यात्रेची जागा देणारे. शेठना काय ठाऊक, हाच तो. शेठ म्हणाले, ए, कोण रे तू? ऊठ, पाव्हन्यांना बसू दे.

तो उठला. अगदी हळू. घास ताटात ठेवला.

मावशी ओरडल्या, जेवू द्या त्याला! ताट उचलून त्याच्यामागं पळाल्या, अनवाणी, पार डांबरी रस्त्यापर्यंत. तो थांबला नाही.

आणि मी — माझ्या तोंडात घास होता. तो गिळला. मग दुसरा मोडला. भुकेनं नाही. हात आपला चालत राहिला. तात्यांनी आमटीचा भुरका मारला तो मला ऐकू आला.

रस्त्यावर पोचल्यावर कानिफनं एकदा मागं बघितलं. शेठकडं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी मावशी चूल पेटवत होत्या तेव्हा तो कनातीपलीकडं उभा राहिला. म्हणाला, ताई, तुमचं फिटलं. तुमी मागं आलासा. एवढंच बोलून गेला.

त्या धावत मला सांगायला आल्या. हसत होत्या. मग माझं तोंड बघितलं आणि —

तात्या कुठं आहेत?

नंतर. तात्या उसात. जनरेटरला डिझेल आणायला गेले होते. कॅन पाटापाशी उभा, झाकण लावलेलं. मी बघितलं. पोलिसांनी मला मागं ओढलं तोवर बघितलं.

या वेळी हवालदार हसला नाही. सगळं लिहून घेतलं. म्हणाला शोधतो. म्हणाला, जबाब पुरा होईपर्यंत तू गाव सोडायचं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

शेठ चौकीत. मावशी तात्यांच्या घरच्यांबरोबर गेल्या. मला चल म्हणत होत्या, पोलिसांनी सोडलं नाही. एक शिपाई ठेवलाय. तो पेढे आणायला म्हणून गेला —

भर दुपार आहे. यात्रेचे आवाज येतात. माणसं आहेत, दहा पावलांवर माणसं आहेत. ओरडलो तर येतील. येतील ना? का हातातलं खात बघत राहतील.

पडद्यामागं कुणीतरी बसलंय. ऊन त्या बाजूनं आहे, सावली कापडावर पडली आहे. मांडी घातलेली. डाव्या हातात काहीतरी — नाही, मी या बाजूनं बघतोय. उजव्या.

मी म्हटलं, चुकलो. कापडाला हात जोडून म्हटलं. सावली हलली नाही.

आई, फोनवरनं पैसे पाठवतोय, साठलेले सगळे. यातनं जेवण घाल. पहिल्या पंगतीला जो येईल त्याला बसव. आणि कुणी कुणाला ऊठ म्हणालं, तर तू हात थांबव, सगळ्यांचे थांबव —

सावली उभी राहिली

गेले बघ. अकरा हजार दोनशे —