कोमलची सशीण

६ ऑक्टोबर
कोमलला नगरच्या दवाखान्यातून घरी आणलं. सातव्या महिन्यात मोकळी झाली. मुलगी. रडलीच नाही. जावई महेश कालच त्यांच्या गावी गेले. लेक आल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलीय. तिची आई सुमन विचारते, डिंकाचे लाडू करू का. मी काय सांगणार? जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, मुक्यालाही बोलतं करायचो. घरात मात्र...

९ ऑक्टोबर
शेजारच्या शबानाभाभी एक पांढरा ससा देऊन गेल्या. त्यांच्याकडं पिंजराभर आहेत. "राहू द्या भाऊ, पोरीचा जीव रमंल." सुमनला पटलं नाही. कोमलनं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी मात्र त्याला लसूणघास टाकताना दिसली.

१३ ऑक्टो.
ससा नव्हे, मादी आहे. मग तिला म्हणायचं काय? सुमन म्हणाली ससी. कोमल म्हणाली, शाळेत सशीण शिकवलं होतं. मी म्हणालो, आम्ही रानात सगळ्यांना ससाच म्हणायचो, नर-मादी बघायला तो थांबतोय कशाला. कोमल जराशी हसली. तिघं एका ताटापाशी बसून बोललो, बऱ्याच दिवसांनी. शेवटी सशीणच ठरलं.

१८ ऑक्टो.
कोमल मोबाईलवर वाचून सांगत होती. पाळीव सशाची पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली. आई दिवसातून एखाद्या वेळेस येते, घाईघाईत पाजते, परत लांब जाऊन बसते. रानसशाची मात्र केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. खरंय, बाजरी काढताना मी पाहिलीत.
"मग दोघांचं नाव एकच कसं वो, अण्णा?"
मी म्हणालो, आपल्यात एकच.
मग एकदम म्हणाली, "आपलीला केस व्हते?"
तिला पोर दाखवली नव्हती. नर्स नको म्हणाली, सुमनही. मी आणि महेशनंच आमच्या शेताच्या बांधाला नेऊन पुरली. या घरात तिचं तोंड पाहिलेला मी एकटा.
"व्हते. काळेभोर. लई."
उठून आत गेली. वाटलं, चुकलो. थोड्या वेळानं दारात येऊन म्हणाली, "माझ्यावर गेल्ती मग."

२३ ऑक्टो.
दिवाळी होऊन गेली. आकाशकंदील लावला नाही. सशीण स्वतःच्या छातीची लोकर उपटतेय. कोपऱ्यात गवतावर मऊ गादी केली. शबानाभाभी म्हणाल्या, गाभण असंल, पिंजऱ्यात नरही होते. कोमल दिवसभर तिथंच. कावळा येऊ नये म्हणून पोतं बांधलं. सुमन खूश. मला भीती वाटते.

२८ ऑक्टो.
पिल्लं नाहीत. पाटीत घालून पाथर्डीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेली. पोट चाचपून म्हणाले, "खोटी गाभण आहे. सशांमध्ये होतं असं. पोटात काही नसतं, पण अंगाला वाटतं, आहे. म्हणून घरटं करते." चांगला माणूस, हळू आवाजात सांगितलं. कोमल पाटी मांडीवर धरून ऐकत होती.
जीपमध्ये एवढंच म्हणाली, "तिला कोन सांगनार?"
घरी येऊन ती लोकर काढायला गेलो, तर कोमलनं हात धरला. राहू दिली.

३ नोव्हेंबर
महेश टेम्पो घेऊन आले. ऊसतोडीची टोळी निघाली. मुकादमाला कोयता जोडीचा लागतो, नवरा-बायको दोघं. मान खाली घालून बसले होते.
"मामा, मला बी तिला न्यावं वाटत न्हाई. पर एकट्याला घेत न्हाईत."
सुमन म्हणाली, "ओली बाळंतीन हाय ती."
बाळंतीण. महिनाभर घरात कुणी हा शब्द उच्चारला नव्हता. महेशनं डोळे पुसले.
कोमल आतून आली. पदर डोक्यावर घेतला होता. महेशला म्हणाली, "आधी बांधावर चला. जागा दाखवा मला."
मी सोबत उठलो, तर नको म्हणाली.
दोघं गेलीत. ओट्यावर बसून लिहितोय. टेम्पोत बायका बसल्यात, भांडी बांधलेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. सुमन दारातून विचारतेय, तिची पिशवी भरू का.
बांधाकडून अजून कुणी येताना दिसत नाही.