चौदा इंची बँडसॉ

रविवार, ९ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. जिना चढताना तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. तू पन्नाशी ओलांडलीस हे मला ठाऊक आहे, तरी मी बारक्याच म्हणणार. राग आला तर येऊ दे.

फोनच करणार होतो. पण फोनवर आपण दोघं भाऊ ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे’ एवढं बोलतो आणि ठेवून देतो. तीस वर्षं हेच चाललंय. शिवाय काम मोजमापाचं आहे, म्हणून पत्र. अक्षर बघून हसू नकोस, टेबल डुगडुगतंय.

तर विषय असा की मला बँडसॉ घ्यायचाय. हो, हो, मीच बोलतोय. ‘ज्याला करवत धरता येते त्याला विजेची कशाला हवी’ असं तुला तोंडावर सुनावणारा मीच. सुतारकामाचं दुकान तर केव्हाच बंद केलं. आता घराच्या मागच्या खोलीत किरकोळ कामं करतो. स्टूल, खेळणी, कुणाच्या खुर्चीचा मोडका पाय. दोन यंत्रं बघून आलोय आणि दोन्हींनी मिळून माझं डोकं खाल्लंय.

पहिलं दहा इंची, नवंकोरं, टेबलावर बसणारं. दुकानदार म्हणाला, “आजोबा, घरच्या कामाला हे पुष्कळ झालं.” आजोबा म्हणाला तिथेच माझं निम्मं मन उडालं. पात्याचा पट्टा फिरवणारं वरचं चाक बोटाने फिरवून बघितलं, फिरतं छान. पण अंग पत्र्याचं. पातं जरा ताणलं तर सांगाडाच वाकेल असं वाटलं. चार इंचांपेक्षा जाड लाकूड आत जातच नाही.

दुसरं चौदा इंची, जुनं, बिडाचं. एक फर्निचरचा कारखाना बंद झाला, तिथलं. चालू केलं की नुसतं गुणगुणतं. सहा इंच जाड ओंडका उभा चिरून दाखवला त्यांनी, मी बघतच राहिलो. पण वजन असं की उचलायला चार माणसं लागतील. माझा दरवाजा अठ्ठावीस इंच, आणि वरचं टेबल काढलं तर यंत्र सत्तावीस. वहिनी म्हणते, “ते आत आलं की मी बाहेर राहायचं ना?”

गोल चकतीची करवत नकोच. ती लाकूड अंगावर फेकते, आणि ते आवरायला दोन्ही हात भक्कम लागतात. बँडसॉ लाकूड खाली टेबलावर दाबून धरतो, एवढं मलाही कळतं.

तू तिकडे कारखान्यात इतकी वर्षं याच यंत्रांवर उभा आहेस. तू सांगशील ते घेईन. पण जरा लवकर सांग. महिनाअखेरपर्यंत ठरलं नाही तर सगळी हत्यारं विकून टाकायची असं मी वहिनीला कबूल केलंय. का ते विचारू नकोस. वय झालं, दुसरं काय.

तुझा तो खण अजून माझ्या टेबलाला आहे. पावसाळ्यातसुद्धा अडकत नाही.

तुझा,
दादा

०

सोमवार, १७ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. पत्र तीनदा वाचलं.

तुझं टेबल डुगडुगत नाही. ते तू स्वतः केलेलं आहे, मी होतो तिथे. तू केलेलं टेबल डुगडुगणार नाही, त्यामुळे दुसरी काहीतरी थाप शोध.

तुझ्या पत्रातली एकूण एक ओळ पुसली गेलीय, डावीकडून उजवीकडे. लिहिणाऱ्याचा हात ओल्या शाईवरून गेल्याशिवाय असं होत नाही, आणि ते डावखुऱ्याचंच होतं. माझ्या शाळेच्या सगळ्या वह्या अशाच होत्या. त्यावरून माझा कान धरायचास, विसरलास?

काय झालंय तुझ्या उजव्या हाताला? वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या दादांनाच विचारा,” आणि रडायला लागल्या. मग फोनच ठेवला त्यांनी. तेव्हापासून कामात लक्ष नाही माझं.

यंत्राचं म्हणशील तर ते हातावर ठरतं. बँडसॉचा खांब पात्याच्या डावीकडे असतो. उजव्या हाताने लाकूड रेटणारा मोकळ्या बाजूने रेटतो, त्याला दहा इंची पुरतं. डाव्या हाताला मात्र खांब आणि पातं यांच्यामधल्या जागेत काम करावं लागतं. दहा इंचांत मनगट अडकतं. चौदात हात मोकळा राहतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, मनगटाचं साल काढून शिकलोय. म्हणून खरं सांग. माझ्याशी खोटं बोललास तर चुकीचं यंत्र घरात आणशील आणि बोट घालवून बसशील.

कुठलंही घेतलंस तरी बंद करायचा स्विच गुडघ्याच्या उंचीवर लावून घे, म्हणजे हात गुंतलेले असताना पायाने थांबवता येतं. आणि लिहिताना कागद उजवीकडे कलता ठेव, हात ओळीच्या खाली. शाई पुसत नाही. मला हे चाळिशीत कळलं. सांगणारं कुणी नव्हतं.

खण ठेवलास? मला वाटलं होतं जळणात गेला.

बारक्या

०

रविवार, २३ ऑक्टोबर

बारक्या,

पकडलंस. लहानपणी चोरून सिगरेट ओढली तेव्हाही तूच पकडलं होतंस.

मार्चमधली गोष्ट. सकाळी पटाशीला धार लावत होतो, ती हातातून गळून पायापाशी पडली. मी तिच्याकडे बघतोय आणि वहिनी माझ्या तोंडाकडे बघतेय. तोंड वाकडं झालं होतं. दवाखान्यात बारा दिवस होतो. तोंड सरळ झालं, पायही चालतो. उजवा हात राहिला. चमचा कसाबसा धरतो, करवत नाही. डॉक्टर म्हणाले, आता जपून राहा. जपून राहा म्हणजे खिडकीत बसा.

तुला कळवू नको म्हणून वहिनीला मीच शपथ घातली. ती बिचारी सात महिने गप्प बसली. कळलं असतं तर तू धावत आला असतास रे. आणि तू माझा हा हात बघावास, हे मला सहन होणार नव्हतं. का ते तुला माहीत आहे.

बाबा गेले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. दुकानात सगळं उजव्या हाताचं. लाकूड पकडायचा शिकंजा टेबलाच्या डाव्या, भिंतीकडच्या टोकाला, त्यामुळे तुझी करवत भिंतीवर आपटायची. डावखुऱ्या सुताराला काम कोण देणार, अशी माझी अक्कल. म्हणून मी तुझा डावा हात दोरीने मागे पट्ट्याला बांधायचो. दोन महिने, रोज सकाळी. तू रडायचा नाहीस. मला त्याचं कौतुक वाटायचं, चारचौघांत सांगायचो. गाढव होतो मी.

मग तो खण. तू बावीसचा असशील. मी तीन दिवस बाहेर होतो, तेवढ्यात तू डाव्या हाताने केलास. कोपऱ्याचे सांधे असे की मध्ये कागद सरकणार नाही. मी तसं काम आयुष्यात केलेलं नाही, आणि ते मला बघताक्षणी कळलं होतं. तरी गिऱ्हाइकासमोर विचारलं, “कुठल्या हाताने केलास?” तू खरं सांगितलंस. मी म्हणालो, “परत कर.” तू उजव्या हाताने परत केलास, वाकडा झाला, आणि मी तो वाकडा खण त्या माणसाला दिला. महिन्याभरात तू निघून गेलास. मी तुला थांब म्हणालो नाही.

आता सात महिने मी डाव्या हाताने शर्टाची बटणं लावतोय. हात धडधाकट आहे, पण त्याला काही म्हणता काही कळत नाही. वहिनी मदतीला आली की तिच्यावर ओरडतो, मग मलाच वाईट वाटतं. परवा चौथ्या बटणाशी बसल्या बसल्या तू आठवलास. मला हे दुखण्याने करायला लावलं. तुला मी लावलं, आणि तुझे दोन्ही हात चांगले होते. माझं चुकलं, बारक्या. फार चुकलं.

चौदा इंची सांगून ठेवलाय. पुढच्या शनिवारी येतोय. उचलणारी माणसं ठरवलीत, स्विच गुडघ्यापाशी लावून देतो म्हणालेत. हत्यारं विकायची नाहीत असं आज वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “भाऊजी शिकवायला येणार असतील तर ठेवा. तुम्ही एकटे त्या यंत्रापाशी गेलेलं मला चालणार नाही.” आणि ती बरोबर बोलतेय. मला येत नाही. डाव्या हाताने उभं कसं राहायचं हेसुद्धा येत नाही.

तर ये. यंत्र उचलायला नको, मला शिकवायला ये. चुकलो तर ओरड, हवं तेवढं. मी रडणार नाही असं काही कबूल करत नाही.

काल दुकानातून आणलेल्या त्याच टेबलाचा शिकंजा सोडवला आणि उजव्या टोकाला बसवला, तुला तेव्हा हवा होता तिथे. एका हाताने अख्खी दुपार गेली. दोन हात असते तर अर्ध्या तासाचं काम. आठ स्क्रू होते फक्त. तेव्हा मी दोरी आणली, आणि आठ स्क्रू काढायचं मला सुचलं नाही.

वाट बघतोय.

तुझा,
दादा

ता. क. कागद कलता ठेवून लिहिलं, हात ओळीखाली. एकही ओळ पुसली नाही बघ.